दुःस्वप्नराज्यातील नायिका : ‘द हंगर गेम्स’ कादंबरीत्रयीतील भावना व तगून राहण्याचा संघर्ष – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

साहित्य हे इतिहासाचे साधन होऊ शकते काय, हा प्रश्न इतिहासलेखनशास्त्रात जुनाच आहे. कल्पित कथेत घटनांचा पुरावा मिळत नाही, हे खरे. परंतु एखाद्या काळातील माणसे कशाला भीत होती, कशावर संतापत होती आणि कोणासाठी शोक करीत होती, याचा पुरावा तीत विपुल मिळतो. फ्रेंच इतिहासकार ल्यूसियाँ फेव्र यांनी १९४१ मध्ये मानवी संवेदनशीलतेचाही इतिहास लिहिला जावा, असे आवाहन केले होते. पुढे पीटर व कॅरोल स्टर्न्स (१९८५), विल्यम रेड्डी (२००१) आणि बार्बरा रोझेनवाइन (२००६) यांच्या लेखनातून ‘भावनांचा इतिहास’ ही अभ्यासशाखा आकारास आली.

प्रस्तुत शोधनिबंधात या अभ्यासशाखेच्या दृष्टीने अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८), ‘कॅचिंग फायर’ (२००९) व ‘मॉकिंगजे’ (२०१०) या किशोर व तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीत्रयीचा विचार केला आहे. तिची नायिका कॅटनिस एव्हरडीन ही सोळा वर्षांची मुलगी आहे. तिच्या तगून राहण्याचे श्रेय सामान्यतः तिच्या धनुर्विद्येला दिले जाते. भावना म्हणजे दुर्बलता, विशेषतः स्त्रीची दुर्बलता, हा समज त्यामागे असतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, कौशल्य तिला ‘कसे’ तगावे हे सांगते. परंतु ‘कोणासाठी’, ‘कोणाबरोबर’ आणि ‘कोणत्या मर्यादेपर्यंत’ हे तिच्या भावनाच सांगतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

टॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’ (१५१६) या ग्रंथाने आदर्श राज्याच्या कल्पनेला नाव दिले. त्याच्या उलट अर्थाचा शब्द जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना वापरला. विसाव्या शतकातील दोन महायुद्धे व एकाधिकारशाही राजवटी यांच्या अनुभवातून ‘डिस्टोपिया’ म्हणजे दुःस्वप्नवत समाजाचे चित्रण करणारा साहित्यप्रकार विकसित झाला. येवगेनी झाम्यातिन यांची ‘वुई’ (इंग्रजी अनुवाद १९२४), ऑल्डस हक्सली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) आणि जॉर्ज ऑरवेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या त्यातील प्रमुख कादंबऱ्या होत.

या सर्वांत एक समान सूत्र आढळते. राज्यसत्ता केवळ देहावर नव्हे, तर भावनेवरही ताबा मिळवू पाहते. हक्सलींच्या राज्यात ‘सोमा’ नावाची गोळी दुःख नाहीसे करते. ऑरवेल यांच्या राज्यात रोज दोन मिनिटे द्वेषाचा विधी पार पाडावा लागतो. मात्र या तिन्ही कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी पुरुष आहेत. स्त्रीच्या दृष्टीतून अशा राज्याचे प्रभावी चित्रण मार्गारेट ॲटवुड यांनी ‘द हॅन्डमेड्स टेल’ (१९८५) मध्ये केले. लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) या कादंबरीने हा विषय किशोरवाचकांपर्यंत नेला; तेथेही भावना गोळ्या देऊन दाबल्या जातात. पुढे लॉरेन ऑलिव्हर यांच्या ‘डिलिरियम’ (२०११) मध्ये तर प्रेम हाच रोग ठरविला गेला. कॉलिन्स यांची त्रयी या परंपरेतील आहे. मात्र तिच्यातील राज्य भावना नष्ट करीत नाही, तर त्यांचे प्रदर्शन मांडते. हा बदल महत्त्वाचा आहे.

या बदलाची मुळे लेखिकेच्या काळात आहेत. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलत असताना एका वाहिनीवर तरुणांची स्पर्धा व दुसरीवर इराक युद्धाची दृश्ये दिसली आणि दोहोंतील सीमारेषा पुसट झाली, असे कॉलिन्स यांनी सांगितले आहे. त्यांचे वडील अमेरिकन हवाई दलात अधिकारी होते व व्हिएतनाम युद्धात त्यांनी सेवा केली होती. अथेन्सने क्रीटच्या राजाला सात मुले व सात मुली खंडणी म्हणून देण्याची ग्रीक पुराणकथा आणि रोममधील ग्लॅडिएटरांचे खेळ हे कथानकाचे आणखी दोन आधार होत. कादंबरीतील राष्ट्राचे ‘पॅनेम’ हे नाव लॅटिनमधील भाकरीच्या शब्दावरून आलेले आहे. भाकरी व खेळ एवढ्यावर जनता आपले राजकीय हक्क विसरते, अशी टीका रोमन कवी जुव्हेनल याने केली होती. पॅनेममध्ये राजधानी कॅपिटॉलला खेळ मिळतात. बारा जिल्ह्यांना मात्र भाकरीसाठी मुले द्यावी लागतात. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षे वयाचा एक मुलगा व एक मुलगी निवडली जाते आणि या चोवीस जणांपैकी एकच जिवंत उरेपर्यंतची झुंज देशभर दाखविली जाते.

सैद्धान्तिक चौकट :

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळाचा अभ्यास करताना विल्यम रेड्डी यांनी ‘भावनिक राजवट’ ही संकल्पना मांडली. प्रत्येक सत्ता कोणती भावना कोठे व कशी व्यक्त व्हावी याचे नियम घालते. जे नियमांत बसत नाही त्याला लोक खाजगी आश्रयस्थाने शोधतात. रेड्डी यांचा दुसरा मुद्दा असा की, भावनेचा उच्चार हा केवळ खरा किंवा खोटा नसतो. उच्चारल्याने ती भावनाही बदलते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना दिली. हसणे हाही तेथे नोकरीचा भाग असतो.

आपल्याकडील रसविचार मुख्यतः प्रेक्षकाच्या आस्वादाशी निगडित आहे. कॅपिटॉलचा प्रेक्षक जिल्ह्यांतील मुलांचे भय व शोक असाच आस्वादतो; परंतु तेथे रंगमंचावरील मरण खरे असते. म्हणून आस्वादणाऱ्याकडून भोगणाऱ्याकडे वळून पाहणे येथे आवश्यक ठरते.

भय व हिशेब :

कॅटनिसचा बारावा जिल्हा ॲपलाचिया या अमेरिकेतील कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात कल्पिलेला आहे. या प्रदेशाचा इतिहास अपघातांनी भरलेला आहे. वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा येथे ६ डिसेंबर १९०७ रोजी झालेल्या खाणस्फोटात साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. कॅटनिसचे वडीलही खाणस्फोटातच मरण पावतात. तेव्हा ती अकरा वर्षांची असते. आई शोकाने निश्चल होते आणि घरात उपासमार सुरू होते. येथे कॅटनिस पहिला धडा शिकते : आवर न घातलेला शोक जीव घेऊ शकतो. यामुळे ती चेहरा निर्विकार ठेवायला शिकते. मनातले बोलण्याची मोकळीक तिला कुंपणापलीकडील जंगलात, मित्र गेल याच्या सोबतीतच मिळते. रेड्डी यांच्या परिभाषेत जंगल हे तिचे भावनिक आश्रयस्थान होय.

भय तिला हिशेबी बनविते. गरीब मुले धान्य व तेलाच्या बदल्यात आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकू शकतात. कॅटनिसच्या अशा रीतीने वीस चिठ्ठ्या झालेल्या असतात. बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीची, प्रिमची, मात्र तिने एकच ठेवलेली असते. निवड प्रिमचीच होते. हिशेब हरतो त्या क्षणी कॅटनिस स्वतःचे नाव पुढे करते. ही कृती केवळ भावनेची आहे असे वाटेल. परंतु पाच वर्षे तिने जे जपले, त्याचेच हे फलित आहे. तत्त्वचिंतक मार्था नसबॉम यांनी २००१ मध्ये मांडल्याप्रमाणे भावना हा आपल्यासाठी काय मोलाचे आहे याविषयीचा निर्णय असतो. येथे तो निर्णय एका क्षणात प्रकट होतो, एवढेच.

क्रोध :

प्रशिक्षणानंतर परीक्षकांसमोर कौशल्य दाखविण्याची वेळ येते, तेव्हा ते मेजवानीत दंग असतात. संतापलेली कॅटनिस त्यांच्या ताटातील भाजलेल्या डुकराच्या तोंडातील सफरचंदावर बाण सोडते. शिक्षा होईल, असे तिला वाटते. प्रत्यक्षात तिला बारापैकी अकरा गुण मिळतात. परीक्षकांना हवे असते ते आज्ञाधारक कौशल्य नव्हे, तर प्रेक्षकांना खिळवून ठेवणारी ठिणगी. क्रोध तिला वाचवितो, पण त्याच वेळी सत्तेच्या खेळात विकाऊही बनवितो. भावनेची ही दुधारी अवस्था संपूर्ण त्रयीत टिकून राहते.

शोक :

रिंगणात कॅटनिसची गट्टी अकराव्या जिल्ह्यातील रू या बारा वर्षांच्या मुलीशी जमते. डावपेच म्हणून पाहता ही निवड चुकीची आहे. रू दुबळी आहे. परंतु तिच्यात कॅटनिसला प्रिम दिसते. रू मारली जाते तेव्हा कॅटनिस तिचा देह फुलांनी सजविते. खेळाच्या नियमांनुसार मृत स्पर्धक म्हणजे केवळ वजा झालेला आकडा. फुलांनी त्या आकड्याला पुन्हा माणूस केले. परिणामी रूचा गरीब जिल्हा कॅटनिसला भाकरी पाठवितो. आणि पुढे त्याच जिल्ह्यातील थ्रेश हा तिला ठार मारण्याची संधी असूनही रूच्या ऋणापोटी एकदा सोडून देतो. येथे शोकाने अक्षरशः प्राण वाचविले आहेत. कडेकोट प्रशिक्षण घेतलेल्या श्रीमंत जिल्ह्यांच्या स्पर्धकांकडे असे ऋणानुबंध नसतात. त्यांची युती मुळातच शेवटी एकमेकांना मारण्यासाठी असते.

प्रेम व त्याचा अभिनय :

पीटा मेलार्क याने जाहीर केलेले प्रेम कॅटनिसला प्रथम फसवणूक वाटते. परंतु प्रेमकथा रंगली तर धनिक प्रेक्षक मदत पाठवितात, हे मार्गदर्शक हेमिच तिला न बोलता शिकवितो. चुंबनानंतर आकाशातून रश्शाचे भांडे उतरते. हॉकशील्ड यांच्या भावनिक श्रमाचे याहून निर्दय उदाहरण क्वचितच सापडेल. तथापि, पीटाने उपासमारीच्या दिवसांत दिलेली भाकरी कॅटनिस विसरलेली नसते. त्यामुळे कोठे अभिनय संपतो व कोठे भावना सुरू होते, हे तिला स्वतःलाच उमगत नाही. रेड्डी म्हणतात तसा उच्चार भावनेला घडवीत जातो. अखेरीस दोघांपैकी एकानेच जगावे असा हुकूम येतो, तेव्हा ती दोघांसाठी विषारी फळे पुढे करते. विजेता नसेल तर खेळच निरर्थक ठरेल, हे तिने ओळखलेले असते. प्रेम व चातुर्य यांची फारकत येथे करता येत नाही.

भावनेच्या मर्यादा :

लेखिकेने भावनेचा भाबडा गौरव केलेला नाही. तिसऱ्या कादंबरीत बंडखोरांनाही कॅटनिसचा चेहरा प्रचारासाठी हवा असतो. लिहून दिलेली वाक्ये तिला बोलता येत नाहीत. तिने खरोखर कधी हेलावून टाकले, असा प्रश्न हेमिच सहकाऱ्यांना विचारतो आणि ते सर्व प्रसंग उत्स्फूर्त होते असे लक्षात येते. मग तिला खऱ्या रणभूमीवर नेण्यात येते. म्हणजे खरी भावनाही साधन बनते. पीटाच्या स्मृतींत विष कालवून त्याचे प्रेम द्वेषात बदलले जाते. काय खरे, काय खोटे, हे त्याला पुन्हा एकेक प्रश्न विचारून शिकावे लागते. आणि ज्या प्रिमसाठी हा प्रवास सुरू झाला, ती अखेर बॉम्बहल्ल्यात मरते. सूडाच्या भरात कॅपिटॉलच्या मुलांचेही असेच खेळ घ्यावेत या प्रस्तावाला कॅटनिस मत देते; परंतु शेवटचा बाण ती जुन्या हुकूमशहावर नव्हे, तर तो प्रस्ताव मांडणाऱ्या नव्या सत्ताधीश कॉइनवर सोडते. तिच्या मतदानाचा अर्थ अभ्यासकांनी वेगवेगळा लावला, तरी बाण कोणावर सुटला याविषयी संदिग्धता नाही. मुलांच्या मरणाचा खेळ करणारी सत्ता कोणत्याही झेंड्याखाली असो, तिचा शोक ती सत्ता ओळखतो.

कादंबरीकडून रस्त्याकडे :

बाराव्या जिल्ह्यात तीन बोटे ओठांना लावून उंचावणे ही अंत्यविधीतील जुनी खूण आहे. तीत कृतज्ञता, आदर व निरोप एकवटलेले असतात. कथेत ती शोकाची खूण हळूहळू प्रतिकाराची होते. थायलंडमध्ये २२ मे २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी तीच खूण उचलली व त्याबद्दल काहींना ताब्यात घेण्यात आले. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता हस्तगत केल्यावर ती तेथेही पसरली. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या देशाचे राजदूत क्याव मो तुन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तीन बोटे उंचावली. कल्पित शोकाला खऱ्या इतिहासात स्थान मिळाल्याचे हे ठळक उदाहरण होय. जेथे घोषणा देणे हा गुन्हा ठरतो, तेथे शोकाची मूक खूण राजकीय भाषा बनू शकते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) डिस्टोपियन साहित्याच्या इतिहासात राज्यसत्तेचे भावनांवरील नियंत्रण हे सातत्याने आढळणारे सूत्र आहे. कॉलिन्स यांच्या त्रयीत या नियंत्रणाचे रूप दडपणुकीकडून प्रदर्शनाकडे सरकलेले दिसते.

२) कॅटनिसच्या बाबतीत भय सावधपणा देते, क्रोध तिला लक्षणीय बनवितो, शोक ऋणानुबंध जोडतो आणि प्रेम मर्यादा आखून देते. या भावना बुद्धीच्या विरोधी नसून निर्णयाचेच रूप आहेत.

३) भावना तगून राहण्यास दिशा देतात, परंतु यशाची हमी देत नाहीत. प्रिमचा मृत्यू हे त्याचे गमक होय.

४) तगणे व जगणे यांत अंतर आहे. युद्धानंतर कॅटनिसची दुःस्वप्ने संपत नाहीत. ज्या ज्या चांगल्या कृती तिने पाहिल्या, त्यांची मनाशी उजळणी करीत ती दिवस काढते. कौशल्याने तिला रिंगणातून बाहेर आणले. मात्र रिंगणाबाहेरच्या आयुष्यात माणूस म्हणून उभे राहण्यासाठी तिच्यापाशी याखेरीज दुसरे शस्त्र उरलेले नाही.

तरुण मुलींना ‘भावनेच्या आहारी जाऊ नकोस’ असा उपदेश सर्रास केला जातो. भावनेच्या आहारी जाणे आणि भावनेचे म्हणणे ऐकणे यांतील फरक त्यांना शिकविला जात नाही. हा फरक समजावून देणारे साहित्य म्हणून या कादंबरीत्रयीकडे इतिहासाच्या व साहित्याच्या अभ्यासकांनी गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.