पाण्याला विचारलेली तारीख : वूबर्नच्या दोन विहिरी आणि एक खटला

१/
जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा इतिहास लिहिता येतो का? ते दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, ते कोणत्या वाटेने गेले याची खूण वरच्या मातीवर उमटत नाही. तरीही १९८६ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने सहा सामान्य नागरिकांना विचारले : अमुक रसायन अमुक विहिरीत नेमके कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी पोहोचले? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे.

२/
स्थळ आहे वूबर्न, मॅसॅच्युसेट्स राज्यातील, बोस्टनच्या उत्तरेस सुमारे १२ मैलांवरचे एक लहान शहर. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्याच्या कारखान्यांनी या शहराला नाव मिळवून दिले. पुढे रासायनिक कारखानेही आले. शहराच्या पूर्वेकडून ॲबरजोना नावाची एक छोटी नदी वाहते, आपण तिला कदाचित ओढाच म्हणू. हिमयुगातील हिमनद्यांनी तिच्या खोऱ्यात वाळू आणि खडीचे जाड थर भरून ठेवले आहेत. नदीच्या काठाला दलदल आहे आणि दलदलीखाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर आहे. हा पीटचा थर लक्षात ठेवा.

३/
वाळू-खडीचे थर पाणी भरपूर धरतात आणि सहज सोडतात. म्हणून वाढत्या लोकवस्तीसाठी नगरपालिकेने नदीच्या पूर्व काठाला दोन खोल विहिरी घेतल्या. आपल्याकडील बांधीव विहिरीसारख्या त्या नव्हत्या, पंप बसवलेल्या नलिकाविहिरी होत्या. येथील विहिरींना अक्षरांची नावे देण्याची पद्धत होती, त्यानुसार १९६४ साली ‘जी’ आणि १९६७ साली ‘एच’ सुरू झाली. यांचे पाणी मुख्यतः शहराच्या पूर्व भागात जाई. पाण्याला वास येतो, चव बरी नाही, अशा तक्रारी तेथील रहिवासी वारंवार करीत. विहिरी कधी बंद ठेवल्या जात, तर टंचाई भासली की पुन्हा सुरू होत.

४/
मे १९७९ मध्ये विहिरींजवळच्या मोकळ्या जमिनीवर कोणीतरी टाकून दिलेली १८४ पिंपे सापडली. खबरदारी म्हणून राज्याच्या अधिकाऱ्यांनी दोन्ही विहिरींचे पाणी तपासले. ‘जी’ विहिरीत ट्रायक्लोरोइथिलीन या द्रावकाचे प्रमाण एक अब्ज भागांत २६७ भाग इतके निघाले. त्या वेळी या रसायनासाठी देशव्यापी कायदेशीर मर्यादाच नव्हती. पुढे ती ५ भाग ठरली. त्याच महिन्यात दोन्ही विहिरी बंद झाल्या.

५/
येथे पहिला धडा मिळतो. पिंपे सापडली म्हणून पाणी तपासले गेले, परंतु पाण्यातील विष त्या पिंपांतून आलेले नव्हते. ट्रायक्लोरोइथिलीन हा यंत्रांच्या भागांवरील तेलकट थर काढणारा रंगहीन द्रव आहे. तो पाण्याहून जड असल्याने जमिनीवर ओतला की खाली उतरत जातो, पाण्यात थोडा थोडा विरघळतो आणि वर्षानुवर्षे झिरपत राहतो. तो कोठून आला, हा प्रश्न उघडाच राहिला. त्याहून मोठा प्रश्न होता : तो केव्हापासून येत होता? १९६४ ते १९७९ या पंधरा वर्षांत या विहिरींतील पाण्याची अशा द्रावकांसाठी तपासणी झालेली नव्हती.

६/
दरम्यान पूर्व वूबर्नमधील एका आईच्या मनात निराळीच शंका घर करून होती. १९७२ साली तिच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. रुग्णालयात, दुकानात, शेजारी तिला तोच आजार झालेली आणखी मुले भेटू लागली. स्थानिक चर्चच्या धर्मोपदेशकाच्या मदतीने आजारी मुलांच्या घरांचा नकाशा तयार झाला. १९८१ च्या शासकीय अहवालाने तिच्या निरीक्षणाला आकडा दिला : १९६९ ते १९७९ या काळात शहरात बालकांच्या ल्युकेमियाचे १२ रुग्ण आढळले, अपेक्षित संख्या होती ५.३. मात्र याचा पाण्याशी संबंध आहे असे सांगण्याइतका पुरावा हाती नाही, असेही त्यात नमूद होते.

७/
१९८२ साली आठ कुटुंबांनी दावा दाखल केला. प्रमुख प्रतिवादी दोन होते. पहिली डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी, तिचा कारखाना विहिरींच्या ईशान्येला होता. दुसरी बीट्रिस फूड्स, तिने विकत घेतलेल्या चर्मोद्योगाची १५ एकर जमीन नदीच्या पश्चिम काठाला होती. विहिरी पूर्व काठाला. म्हणजे बीट्रिसच्या जमिनीतील दूषित पाणी विहिरीत यायचे, तर त्याला नदीच्या खालून पलीकडे यावे लागणार होते. हे शक्य आहे का? पुढचा सारा वाद या एका प्रश्नाभोवती फिरला.

८/
भूजल कसे चालते हे विज्ञानाला कधीपासून ठाऊक होते? त्यासाठी फ्रान्समधील दिजों शहरात जावे लागेल. तेथील अभियंता हेन्री दार्सी याने १८४० साली रोझ्वार झऱ्याचे पाणी सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या बंदिस्त कालव्यातून शहरात आणले. नंतर त्याने वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजमापे घेतली. १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या परिशिष्टात जो नियम आला, तो आजही भूजलशास्त्राचा पाया आहे : दोन ठिकाणच्या पाणीपातळीत जितका फरक अधिक, तितका प्रवाह अधिक, वाट जितकी लांब, तितका तो कमी. आणि तो मार्गातील मातीच्या पार्यतेवर, म्हणजे पाणी जाऊ देण्याच्या क्षमतेवर अवलंबून असतो.

९/
दार्सीचा नियम स्थिर प्रवाहाचा. पंप सुरू केल्यावर वेळेनुसार काय होते, याचे गणित १९३५ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील चार्ल्स थाइस याने मांडले. उपसा सुरू झाला की विहिरीभोवती पाणीपातळी खाली जाते आणि उलट्या शंकूसारखा एक खळगा तयार होतो. उपसा चालू राहील तसा तो पसरत जातो. १९४१ साली थाइसने पुढचे पाऊल टाकले : जवळच्या विहिरीच्या उपशामुळे नदीचे पाणी किती घटते, याचे त्याने विवेचन केले. थोडक्यात, नदी आणि भूजल या दोन वेगळ्या वस्तू मानता येत नाहीत, हे वूबर्नच्या विहिरी खोदण्याआधी वीस-बावीस वर्षे लिहून ठेवलेले होते.

१०/
आता पुन्हा वूबर्न. विहिरी बंद असल्याने त्या चालू असताना पाणी कसे वाहत होते हे पाहण्याचा एकच मार्ग उरला : त्या पुन्हा चालवायच्या. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ४ डिसेंबर १९८५ पासून ३० दिवस दोन्ही पंप चालवले. ‘जी’मधून मिनिटाला सुमारे ७०० गॅलन आणि ‘एच’मधून सुमारे ४०० गॅलन पाणी उपसले. आसपासच्या निरीक्षण विहिरींमधील पातळ्या नोंदवल्या, नदीचा प्रवाहही वर आणि खाली अशा दोन ठिकाणी मोजला. एका अर्थी हा भूतकाळाचा पुनर्प्रयोग होता.

११/
निष्कर्ष दोन निघाले. एक : पाणीपातळीचा खळगा नदी ओलांडून पश्चिमेला पसरला आणि बीट्रिसच्या जमिनीखालील पातळीही उतरली. दोन : उपशाआधी दलदलीतून जाताना नदीचे पाणी वाढत असे, प्रयोगाच्या अखेरीस मात्र ते घटू लागले. विहिरींच्या पाण्यातील जवळजवळ निम्मा वाटा नदीचा होता. पहिला निष्कर्ष कुटुंबांच्या बाजूचा, तर दुसरा बीट्रिसच्या उपयोगाचा : विहिरीची तहान नदीच भागवत असेल, तर पलीकडून पाणी ओढण्याची गरज काय, असे म्हणता येत होते. खरे पाहता दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

१२/
खटला मार्च १९८६ मध्ये उभा राहिला. न्यायाधीश वॉल्टर स्किनर यांनी त्याचे टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात प्रश्न फक्त पाण्याचा : रसायने विहिरींपर्यंत पोहोचली का, आणि त्यात कोणाचा निष्काळजीपणा होता? आजाराचा विषय नंतरच्या टप्प्यांत यायचा होता. परिणामी ज्या मुलांसाठी हा दावा होता, त्यांच्या आई-वडिलांची साक्ष ज्युरीने ऐकलीच नाही. महिनोन्‌महिने ऐकले ते वाळू, पीट, पातळ्या आणि आलेख यांविषयी.

१३/
कुटुंबांच्या बाजूने प्रिन्स्टन विद्यापीठाचे जॉर्ज पिंडर साक्षीला उभे राहिले. भूजलाच्या संगणकीय प्रतिमानांचे ते अग्रणी अभ्यासक. त्यांचे म्हणणे असे की, पीटचा थर नदीचे पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून विहिरी दोन्ही काठांकडून भूजल ओढतात. बीट्रिसचे वकील जेरोम फॅशर यांनी उलटतपासणीत नदीच्या घटलेल्या प्रवाहाचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. नदीतून नाहीसे झालेले पाणी गेले कोठे, याचे समाधानकारक उत्तर मिळेना. खळगा पश्चिमेला पसरला हे मोजमाप आपल्या जागी खरेच होते, पण नदीच्या वाट्याविषयीचे विधान डळमळले आणि त्यासोबत ज्युरीचा विश्वासही.

१४/
शेवटी न्यायाधीशांनी ज्युरीपुढे लेखी प्रश्न ठेवले. त्यांत हाही होता : प्रत्येक रसायनाचा विहिरींच्या दूषणात भरीव वाटा कोणत्या महिन्यापासून व वर्षापासून पडू लागला? हा प्रश्न अनाठायी नव्हता. विष पोहोचण्याआधी आजारी पडलेल्या मुलाच्या आजाराचे खापर त्या विषावर फोडता येणार नव्हते. तथापि भूजलशास्त्राचे उत्तर या साच्यात बसणारे नव्हते. रसायन मातीच्या कणांना चिकटत, सुटत, पाण्यापेक्षा हळू चालते. पंप कधी चालू, कधी बंद. जमिनीवर ते नेमके कोणत्या दिवशी ओतले, याची नोंद नाही. अशा वेळी शास्त्र फार तर ‘या वर्षापासून त्या वर्षापर्यंत केव्हातरी’ एवढेच सांगू शकते.

१५/
२८ जुलै १९८६ रोजी निकाल आला. बीट्रिस जबाबदार नाही, ग्रेस जबाबदार. ग्रेसच्या बाबतीत ज्युरीने दिलेली तारीख होती सप्टेंबर १९७३. म्हणजे ज्या आईने १९७२ साली आपल्या मुलाचे निदान ऐकले होते, तिचा दावा त्या एका तारखेने बाजूला पडण्याची वेळ आली. पुढे न्यायाधीशांनी ज्युरीची उत्तरे परस्परविसंगत ठरवली आणि नव्याने सुनावणीचा आदेश दिला. त्याच सुमारास ग्रेसने ८० लाख डॉलरची तडजोड केली. आजाराच्या प्रश्नापर्यंत खटला कधी पोहोचलाच नाही.

१६/
न्यायालयाबाहेर मात्र काम चालू राहिले. १९८८ साली ग्रेसने पर्यावरण संरक्षण संस्थेला खोटी माहिती दिल्याच्या एका आरोपात गुन्हा कबूल केला आणि १० हजार डॉलर दंड भरला. १९९१ साली सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलरचा शुद्धीकरणाचा करार झाला. त्यात ग्रेस आणि इतर कंपन्यांबरोबर बीट्रिसही होती. न्यायालयाने जिला मोकळे केले, तिच्याही वाट्याला सफाईचा खर्च आला.

१७/
सर्वांत महत्त्वाचा अहवाल आला १९९७ साली. राज्याच्या आरोग्य विभागाने शहरातील नळांच्या जाळ्याचे गणित मांडून, कोणत्या महिन्यात कोणत्या भागात ‘जी’ आणि ‘एच’चे पाणी किती पोहोचत असेल याचा अंदाज बांधला. गरोदरपणात ज्या मातांपर्यंत हे पाणी अधिक पोहोचले, त्यांच्या मुलांत ल्युकेमियाचा धोका अधिक आढळला. रुग्णसंख्या लहान असल्याने निष्कर्ष जपून मांडले होते, पण दिशा स्पष्ट होती. नंतर ओहायो स्टेट विद्यापीठातील स्कॉट बेअर आणि मोरा मेथेनी यांनी या जलधराचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचे, अधिक तपशीलवार प्रतिमान उभारून निरनिराळे प्रवासमार्ग आणि प्रवासकाल तपासले.

१८/
जोनाथन हार यांच्या १९९५ च्या ‘अ सिव्हिल ॲक्शन’ या पुस्तकामुळे आणि १९९८ च्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे ही कथा जगाला ठाऊक झाली. तेथे ती प्रामुख्याने वकिलांची कथा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे पुराव्याची कथा म्हणून पाहावे. निरीक्षण विहिरीतील पातळी हे एक साधन, नदीच्या प्रवाहाचा आकडा हे दुसरे, मातीचा नमुना तिसरे. एकही साधन स्वतःहून पूर्ण हकीकत सांगत नाही. त्यांची सांगड घालावी लागते आणि आपल्या सिद्धान्ताला नको असलेला आकडाही विचारात घ्यावा लागतो. बखर, फर्मान आणि नाणे यांच्याशी आपला व्यवहार यापेक्षा फारसा निराळा नसतो.

१९/
आणि एक गोष्ट. उशिरा केलेले संशोधन कितीही सूक्ष्म असले, तरी ज्या वर्षांत मोजमापच झाले नाही, ती वर्षे ते परत आणू शकत नाही. वास येतो असे रहिवासी सांगत होते, तेव्हा या द्रावकासाठी बाटलीभर पाणी तपासले असते आणि तारीख घालून नोंद ठेवली असती, तर १९८६ मधील त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता होती. ती नोंद नव्हती, म्हणून सहा माणसांना अंदाजाने एक महिना निवडावा लागला आणि आठ कुटुंबांचा न्याय त्या महिन्यावर टांगला गेला.

२०/
थ्रेड येथे संपवतो. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या दप्तरात पाणीपातळीच्या किंवा पाणीतपासणीच्या रुक्ष नोंदी दिसल्या, तर त्या ओलांडून पुढे जाऊ नका. शंका आणि प्रश्न असल्यास खाली अवश्य लिहा.