बुडालेल्या जहाजाच्या तोफा

१३ डिसेंबर १९१४ रोजी लेफ्टनंट नॉर्मन होलब्रुक यांची ‘बी-११’ ही जुनाट ब्रिटिश पाणबुडी सुरुंगांच्या पाच रांगांखालून दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत शिरली. तिने ‘मेसुदिये’ ही तुर्की युद्धनौका बुडवली. होलब्रुक यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाणबुडीवाल्याला मिळालेला तो पहिलाच. कथा बहुधा इथेच थांबते. मला मात्र तिचा उत्तरार्ध अधिक बोलका वाटतो. मेसुदिये मुळात लंडनमध्ये बांधलेली, १८७४ मध्ये पाण्यात उतरलेली. ती उथळ पाण्यात उलटली. तुर्कांनी तिचा तळ फोडून आत अडकलेले अनेक खलाशी वाचवले. तिच्या तोफा काढून किनाऱ्यावर बसवल्या. मार्च १९१५ मध्ये दोस्तांचे आरमार आले, तेव्हा त्याच तोफा समोर होत्या. होलब्रुक यांचे शौर्य त्यामुळे उणे होत नाही. मेसुदियेची लढाई मात्र त्या दिवशी संपली नव्हती.