तळटीप : कोयता

१. कोयता : पात्याच्या टोकाशी वजन असलेले, एकाच बाजूने धार लावलेले तोडीचे हत्यार. कट्यार आणि बिचवा भोसकण्यासाठी घडवले जात. कोयत्याचे काम घावाचे. फिलिपिन्समधील मारानाव लोकांचा नागमोडी क्रिस घराण्याची प्रतिष्ठा मिरवतो, तर ढोकीच्या तेरणा साखर कारखान्यासारख्या परिसरात कोयत्याच्या पात्याची किंमत दिवसभराच्या ऊसतोडीवर ठरते. घिसाडी कारागीर अनेकदा गाडीच्या जुन्या पाट्याचे पोलाद तापवून कोयता घडवतात, धारेला पाणी देतात. घण पुष्कळदा घरातील बाईच्या हातात असतो. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक, म्हणून घाव जमिनीलगत घालतात. शेंड्याचे वाढे छाटून जनावरांना घालतात. ऊसतोड मजुरांच्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, मजुरी टनावर ठरते आणि एकाने खाडा केला तरी तोटा दोघांना सोसावा लागतो. प्रस्तुत प्रकरणातील कोयत्यांचे आकडे वाचताना वाचकाने प्रत्येक आकड्यामागे दोन माणसे मोजावीत. त्यातील बाईचे नाव हिशेबाच्या वहीत क्वचितच येते. — संपादक