बाजारात उभे राहिलेले मजूर : बेकारभत्ता व रोजगारहमी ह्यांच्या इतिहासातील एक धागा

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टान्त आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावरील प्रवचनांचा भर बहुधा सायंकाळच्या मजुरीवर असतो. शेवटी आलेल्यासही पुरा दिनार मिळाला, ह्या कृपेच्या विचारापाशी प्रवचन संपते. तथापि त्याआधी बाजारात झालेला छोटासा संवाद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. दिवस मावळावयास तासभर उरला असता धनी पुन्हा बाजारात जातो, रिकाम्या उभ्या असलेल्यांस त्याचे कारण विचारतो, आणि आपल्याला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. धनी ह्या उत्तराची शहानिशा करीत नाही. सकाळपासून ते कोठे होते, असेही विचारीत नाही. तो त्यांस मळ्यात पाठवितो.

ह्याच्या जोडीला थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय ठेवावा. काम करावयास जो राजी नाही त्याने खाऊही नये, असा कडक नियम पौल तेथे घालून देतो. दोन्ही वचने आपलीच आहेत व दोन्ही खरी आहेत. परंतु पौलाचे शब्द राजी नसलेल्याविषयी आहेत, काम न मिळालेल्याविषयी नाहीत. हा भेद जेव्हा जेव्हा पुसला गेला, तेव्हा तेव्हा बाजारात उभ्या राहिलेल्या माणसाला आळशी ठरविण्यात आले. बेकार माणसास शासनाने व समाजाने कसे वागविले, ह्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशी ह्या एका भेदाचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ इंग्लंडात पाहणे सोयीचे, कारण रोजगार कचेरी व बेकारीचा विमा ह्या दोन्ही संस्थांची घडण तेथे स्पष्ट दिसते. १८३४ च्या दरिद्री-कायद्याने धडधाकट माणसास मदत द्यावयाची ती आश्रमवजा कामगृहात कोंडूनच, असे तत्त्व मान्य केले. तेथील राहणी बाहेरील अत्यंत गरीब मजुराच्या राहणीपेक्षाही हलकी ठेवावयाची, म्हणजे ज्याला खरोखरच गत्यंतर नाही तोच दार ठोठावील, असा त्यामागचा हिशेब होता. मदत हीच कसोटी झाली. काम मुळात आहे की नाही, हा प्रश्न त्या कायद्याने विचारलाच नाही.

तो प्रश्न विचारला गेला लंडनच्या गोद्यांच्या दारांशी. तेथे रोज सकाळी मजुरांची गर्दी जमे. मुकादम त्यांतून हवे तेवढे निवडून घेई व उरलेले रिकाम्या हातांनी परतत. १८८९ मध्ये ह्या गोदी-कामगारांनी संप केला. तो मिटविण्यात वेस्टमिन्स्टरचे वृद्ध कार्डिनल मॅनिंग ह्यांनी मध्यस्थी केली व तासाला सहा पेन्सची मजुरी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ ह्यांनी काम शोधणारा व कामकरी शोधणारा ह्या दोघांची गाठ घालून देणारी कचेरी चालविण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याच पूर्व लंडनमध्ये व्हाइटचॅपल येथील पाळक सॅम्युअल बार्नेट व त्यांची पत्नी हेन्रिएटा ह्यांनी १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल स्थापिला होता. विद्यापीठातील तरुणांनी गरिबांच्या वस्तीत राहून त्यांचे जीवन समजून घ्यावे, हा त्याचा हेतू.

ह्या टॉयन्बी हॉलमध्ये १९०३ साली विल्यम बेव्हरिज नावाचा तरुण उपप्रमुख म्हणून आला. त्याचा जन्म १८७९ मध्ये बंगालमधील रंगपूर येथे झालेला. वडील हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत न्यायाधीश. गोदीच्या मजुरांची स्थिती डोळ्यांपुढे ठेवून त्याने १९०९ मध्ये बेकारीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बेकारी हा उद्योगव्यवस्थेचा प्रश्न आहे, माणसाच्या शीलाचा नव्हे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला व १ फेब्रुवारी १९१० रोजी सरकारी रोजगार कचेऱ्या उघडल्या. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा काही धंद्यांतील कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू झाला. कामगार, मालक व सरकार ह्या तिघांच्या वर्गणीतून, काम सुटलेल्या माणसास आठवड्याला ७ शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे मिळावयाचे होते. कचेरी व विमा ही एकाच गाडीची दोन चाके होती: कचेरीत काम असेल तर ते सांगावे, नसेल तर भत्ता द्यावा. काम नाही ह्याचा पुरावा आता कामगाराच्या कपाळावर न शोधता कचेरीच्या वहीत मिळू लागला.

तथापि जुना संशय मेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वाढली, तिजोरीवर ताण पडला, आणि १९२१ मध्ये अर्जदार खरोखर काम शोधीत असला पाहिजे, अशी अट घातली गेली. काम उपलब्ध असो वा नसो, आपण दारोदार हिंडलो हे सिद्ध करण्याचा भार पुन्हा अर्जदारावर आला. ती अट १९३० मध्ये काढली, तर १९३१ मध्ये घरातील सर्वांच्या उत्पन्नाची चौकशी सुरू झाली. मुलगी चार पैसे कमावती झाली की बापाचा भत्ता घटे. अनेक घरांत ह्यामुळे बाप व मुले ह्यांत वितुष्ट आले.

ऑक्टोबर १९३६ मध्ये ईशान्य इंग्लंडातील जॅरो ह्या गावचे सुमारे २०० बेकार पुरुष काम मागण्यासाठी पायी लंडनला निघाले. गावाचे पोट ज्या जहाजबांधणीच्या कारखान्यावर होते तो बंद पडला होता. जॅरोचे बिशप गॉर्डन ह्यांनी त्यांना आशीर्वाद दिला. डरहॅमचे बिशप हेन्सन ह्यांनी मात्र ह्या यात्रेचा जाहीर निषेध केला. एकाच धर्मप्रांतातील हे दोन बिशप होते, हे आपण लक्षात घ्यावे. यात्रेकरू परतल्यावर त्या दिवसांचा त्यांचा भत्ता कापण्यात आला. यात्रेत असताना एखादे काम निघाले असते तर ते त्यास हजर नव्हते, असे कारण देण्यात आले. काम मागावयास गेला म्हणून कामास उपलब्ध नव्हता, येथवर ही कसोटी येऊन पोहोचली होती.

आता आपल्या भूमीकडे वळू. येथे बेकारीचे पहिले मोठे सरकारी उत्तर म्हणजे दुष्काळी कामे. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडी चिल्लर एवढ्यावर मजुरी आणून ठेविली. दख्खनातील हजारो दुष्काळपीडितांनी १८७७ मध्ये अशा कामांकडे पाठ फिरविली व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. येथेही १८३४ चाच हिशेब होता: मदत इतकी कठीण करावयाची की खरा भुकेला आपोआप ओळखू यावा. पुढील दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात आणलेल्या स्त्रियांस व मुलींस अन्नाबरोबर विणकाम, छपाई, तेलघाणी अशी कामे शिकविली, हे ह्या संदर्भात स्मरणीय आहे. त्यांनी आधी जेवू घातले, मग हात कामाला लाविले. हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

सरकारी रोजगार कचेऱ्या आपल्याकडे १९४५ मध्ये आल्या, त्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी. फाळणीनंतर निर्वासितांचा भार त्यांच्यावर पडला व १९४८ पासून त्या सर्वांस खुल्या झाल्या. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना आपल्याकडील रिक्त जागा कचेरीस कळविणे बंधनकारक केले. परंतु जागा कळविणे एवढेच बंधन होते. कचेरीने पाठविलेल्यासच नेमले पाहिजे, असे नव्हते. नोंदणीचे कार्ड जपून ठेवून मुदतीत नूतनीकरण करणारी एक सबंध पिढी आपण पाहिली आहे. इंग्लंडातील गाडीचे एक चाक आपल्याकडे आले, दुसरे आले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला व पुढे हजारोंची नोकरी कायमची गेली, तेव्हा त्यांना आधार राहिला तो गावाकडच्या तुकडाभर शेतीचा. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तेथील कामगारांना थकलेली देणी मिळावयास २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कित्येकांच्या विधवाच रांगेत उभ्या होत्या. विमाधारक कामगारांसाठी काम सुटल्यावर काही काळ भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली व मुदतीमुदतीने वाढविली गेली. पण ज्याचे नाव कोठल्याच हजेरीपटावर नाही, त्याला तिचा उपयोग नव्हता.

अशा बिनहजेरीच्या माणसाचा विचार महाराष्ट्राने केला, ही मराठी समाजाच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट होय. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आधी लहान प्रयोग करून पाहिला. वसंतराव नाईक ह्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९७२ मध्ये, रोजगार हमी योजना पुढे आली. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर गेली. १९७७ मध्ये योजनेचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांवर व्यवसायकर बसविला व तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. शहरातील कारकुनाच्या पगारातून खेड्यातील मजुराची मजुरी निघावी, ही कल्पना प्रेषितांच्या कृत्यांतील आरंभीच्या मंडळीस अपरिचित वाटली नसती.

ह्या कायद्याने प्रश्नाची दिशाच बदलली. अंगमेहनतीचे काम करावयास मी तयार आहे, असे सांगणाऱ्याचे म्हणणे खरे मानावयाचे व पंधरा दिवसांत काम देण्याची जबाबदारी शासनाची; ते न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. भत्ता नाममात्र होता, पण तत्त्व मोठे होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले: ग्रामीण कुटुंबास वर्षातून १०० दिवस काम, पंधरा दिवसांची तीच मुदत, आणि काम न मिळाल्यास पहिल्या तीस दिवसांकरिता मजुरीच्या निदान एक-चतुर्थांश व पुढे निदान निम्मा भत्ता. बेळगाव भागातील, ग्वाल्हेर-इंदूरकडील वा वडोदऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतील मराठी मजूरही अशा रीतीने ह्या हक्काच्या कक्षेत आला. बाजारातील मजुरांचे उत्तर धन्याने मान्य करावे, तसे राष्ट्राने ते मान्य केले.

असे असूनही बेकारभत्ता हाती पडलेला मनुष्य क्वचितच भेटतो. कारण लहान आहे. पंधरा दिवस मोजावयाचे ते अर्ज दिल्या तारखेपासून. आणि ती तारीख सिद्ध होते ती अर्जाच्या पोचपावतीवरून. त्यातच २००५ च्या कायद्यात भत्त्याचा खर्च राज्यांनी स्वतः सोसावयाचा होता. तेव्हा मागणी तोंडी ऐकावी, अर्ज घेतला तरी त्यावर तारीख घालू नये, काम निघेल त्या दिवशीच मागणी आल्याचे दाखवावे, अशी वहिवाट ठिकठिकाणी पडली. पावती नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून बेकारी नाही. व्हाइटचॅपलच्या कचेरीने वहीत नोंदविलेला मनुष्य असा पुन्हा वहीबाहेर राहिला.

येथे आम्हांस आपल्या घराकडेही पाहावे लागते. मंडळीच्या दीनसाहाय्य निधीतून मदत मागावयास कोणी आला, तर आम्ही प्रथम काय विचारतो? तो उपासनेस नियमित येतो काय, वर्गणी भरली आहे काय, धाकटा भाऊ कमावता असता हा कशाला आला? शिफारसपत्र लिहिताना त्याच्या शीलाविषयी चार ओळी लिहितो; काम न मिळाल्याविषयी एकही लिहीत नाही. १८३४ चे कामगृह, १९३१ ची घरची चौकशी, ही दोन्ही आमच्या कचेरीच्या टेबलावर नकळत येऊन बसली आहेत. आम्ही हे इतरांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. आम्ही स्वतः असे प्रश्न विचारले आहेत, आणि प्रश्न ऐकून उठून गेलेला मनुष्य पुन्हा आला नाही, हेही पाहिले आहे.

कायद्यांची नावे बदलतात, दिवसांची संख्या व भत्त्याचे दर बदलतात. प्रत्येक पाळकाने ते पाठ करावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. पण ज्या खेड्यात उपदेशक हाच अनेकदा लिहिता-वाचता विश्वासू शेजारी असतो, तेथे त्याला एवढे करता येईल: अर्ज मजुराच्या शब्दांत लिहून द्यावा, वर तारीख घालावी, त्याच्याबरोबर ग्रामपंचायतीच्या कचेरीत जावे आणि सही-शिक्क्याची पोच हाती पडेपर्यंत तेथून हलू नये. नोंद आपल्या वहीतही ठेवावी व पंधराव्या दिवशी पुन्हा विचारावयास जावे. दृष्टान्तातील धनी बाजारात एकदाच गेला नाही. तो पहाटे गेला, तिसऱ्या ताशी गेला, सहाव्या व नवव्या ताशी गेला, आणि दिवस संपत आला तेव्हाही, अजून कोणी उभे आहे काय, हे पाहावयास पुन्हा गेला.