धावणाऱ्याचे हाड

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पहाटे गेलात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतील. मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८००. जाहिरात निघाली की धावण्याला जोर चढतो आणि थोड्याच आठवड्यांत कोणीतरी नडगी धरून वाळूत बसतो. घरचे म्हणतात, अंगात रग नाही. हा आरोप जुना आहे, म्हणून त्याचा इतिहास सांगतो.

१८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने कवायतीने पाय सुजून लंगडणाऱ्या शिपायांची नोंद केली. सूज दिसे, कारण दिसत नसे. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि १८९७ मध्ये स्टेखोव्हने त्या किरणांत पाहिले, तो पावलाची लांब हाडे तडकलेली! बेचाळीस वर्षे जिला नुसती सूज म्हटले, ते हाड मोडणे होते. पुरावा हाती येईपर्यंत दुखणाऱ्याला कामचुकार म्हणण्याची रीत आम्ही चळवळीतल्या माणसांनी कारखान्यांतही पुष्कळ पाहिली आहे.

हाड हे दगडासारखे मेलेले नसते. भार वाढला की शरीर आधी त्यातला जुना भाग पोखरते आणि मग नवा भरते. पोखरणे काही आठवड्यांत उरकते, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड उलट कच्चे असते, आणि नेमके तेव्हाच आमचा उमेदवार अंतर दुप्पट करतो.

मग अनवाणी शेतकरी कसे धावत, असे तुम्ही विचाराल. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरे अनवाणी, शिक्षकावाचून लांब पल्ला धावताना पाहिली. त्यांच्या वेळा युरोपियनांच्या जवळपास होत्या. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. माझ्या मते त्या पायांमागे लहानपणापासूनची नांगरट आणि पायपीट होती. त्यांची हाडे एका जाहिरातीवर तयार झाली नव्हती.

हे विसरून २०१० नंतर परदेशांत अनवाणी धावण्याची लाट आली. चपट्या तळाच्या बुटांवर थोड्याच आठवड्यांत आलेल्या कित्येक धावपटूंच्या पावलांच्या हाडांत सूज आल्याचे २०१३ च्या एका तपासणीत आढळले. दोष बुटाचा नव्हे, घाईचा.

तेव्हा भरतीची धाव जाहिरातीच्या कितीतरी महिने आधी, चालण्यापासून सुरू करावी; आठवड्यातून एक-दोन दिवस पायांना सुटी द्यावी. नडगीवर एकाच जागी बोट दाबले असता कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठावा. आणि एक ध्यानात ठेवा: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर क्ष-किरणांच्या फोटोतही पुष्कळदा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला तरी दुखणे खरे असू शकते, हे मुलांच्या आईबापांना मी मुद्दाम सांगतो.