गाठीचे नाव

गेल्या वर्षी बुकित बातोक येथील आमच्या ब्लॉकमधील एक तरुण मराठी सून माझ्याकडे आली. मानेवर सुपारीएवढी गाठ होती व तीन महिने तिने ती ओढणीखाली झाकली होती. डॉक्टरांनी सुई घालून तुकडा तपासण्यास सांगितले होते. "मावशी, सुई लागली की गाठ पसरते ना? सासूबाई म्हणतात, हातच लावू नका." मुंबईत परिचारिका असताना हेच वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! म्हणून हा लेखनप्रपंच.

गाठ बाहेरून आपले नाव सांगत नाही. मानेवरची गाठ क्षयाची असेल (आपले वडीलधारे तिला गंडमाळ म्हणत), साधी सूज असेल किंवा कर्करोगाची असेल. अनुभवी बोटेही फसतात, आणि उपचार तर सर्वस्वी निराळे. जिवंत माणसाच्या शरीरातील तुकडा काढून तपासण्यास 'बायॉप्सी' हे नाव १८७९ साली एर्नेस्ट बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने दिले.

आपल्या मुंबईत या विद्येचे मोठे घर म्हणजे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे टाटांच्या ट्रस्टने उभारलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. लोकांना शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठाऊक असतात. पण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्याचे केसाहूनही पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूसच रोगाचे नाव ठरवतो. खानोलकर तेवढ्यावर थांबले नाहीत. धोतर कमरेला घट्ट आवळल्याने तेथील कातडीस होणाऱ्या कर्करोगाविषयी त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली लिहिले. साडीची गाठ करकचून मारणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात घ्यावे.

पूर्वी एक कठोर पद्धत होती. छातीत गाठ असलेल्या स्त्रीला भूल देत, तुकडा गोठवून वीसेक मिनिटांत पाहत, आणि कर्करोग दिसला तर त्याच भुलेत स्तन काढीत. शुद्धीवर येताच ती आधी छाती चाचपून पाही. माझ्या शिकाऊ दिवसांत मी हे पाहिले आहे. तो हात मला अजून दिसतो. १९७९ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने तपासणी एका दिवशी व शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी करावी, असा सल्ला दिला. मध्ये बाईला विचार करण्यास अवधी मिळू लागला.

राहता राहिली सुईची भीती. सुईने कर्करोग पसरण्याचा धोका फारच थोडा आहे. ज्या मोजक्या अवयवांत तो अधिक मानतात, तेथे डॉक्टर आधीच दुसरा मार्ग घेतात. झाकून ठेवलेल्या गाठीला मात्र वाढण्यास मोकळे रान मिळते. एका सुईत उत्तर मिळाले नाही, तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो, हेही खरे.

असो. त्या सुनेला मीच रुग्णालयात घेऊन गेले. गाठ क्षयाची निघाली. सहा महिने गोळ्या चालल्या, आणि त्या वेळेवर घेतल्या की नाही हे सासूबाई रोज स्वतः पाहत होत्या.