कोतवाल-बुकापासून संगणकापर्यंत : भंडारा जिल्ह्यातील जन्ममृत्यूच्या नोंदीची कथा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. भंडारा जिल्ह्यातील माणसाला पवनीचे स्तूप आठवतील, आंबागडचा किल्ला आठवेल, नागपूरकर भोसल्यांची राजवट आठवेल. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्यात यांपैकी काहीही नाही. तो तहसील कचेरीच्या अभिलेख-कक्षात, फडक्यात बांधलेल्या जीर्ण दप्तरांत पडून आहे. गावात कोण जन्मले आणि कोण मेले हे सरकारने कसे लिहून ठेवले, कशासाठी लिहून ठेवले आणि लिहिण्याची ही रीत कशी पालटत गेली, एवढाच आजचा विषय आहे.

विषय रुक्ष आहे असे पुष्कळांस वाटेल. परंतु मुलाच्या जातपडताळणीसाठी पणजोबाच्या जन्माची नक्कल काढावयास ज्यांनी कचेरीचे खेटे घातले आहेत, त्यांना तो रुक्ष वाटणार नाही. आज आरोग्य खात्याचा सारा कारभार संगणकावर आणण्याची धडपड चालू आहे. अशा वेळी या नोंदीचा मागचा दीडशे वर्षांचा प्रवास डोळ्यांखालून घालणे उपयुक्त ठरेल. तो पाहताना तीन प्रश्न मनाशी धरावेत, अशी माझी विनंती आहे. नोंद कोण करतो? कोणासाठी करतो? आणि ज्याची नोंद होते त्याच्या पदरात काय पडते?

प्रजेच्या जन्ममृत्यूचा हिशेब ठेवण्याची कल्पना मूळची आपली नव्हे. स्वीडनने १७४९ पासून हे काम देशभर सुरू केले. इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. हिंदुस्थानात ती आली ती मात्र लष्कराच्या वाटेने. गोरे शिपाई लढाईत मरत त्याहून अधिक रोगराईने मरत. या प्रश्नाच्या चौकशीसाठी १८५९ मध्ये एक रॉयल कमिशन नेमण्यात आले आणि १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याच्या आकडेवारीवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिश्रम घेतले होते. छावणीशेजारच्या बाजारात पटकी शिरली तर ती छावणीतही शिरणार, हे उघड होते. म्हणून बाजारात आणि खेड्यात कोण कशाने मरते हे कळणे सरकारास आवश्यक वाटू लागले. तात्पर्य, या नोंदीचा पहिला हेतू राज्य करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा होता. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याचा विचार त्यात नंतरचा होता.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन भंडारा हा त्याचा एक जिल्हा झाला. त्या काळचा भंडारा जिल्हा आजच्या दुपटीहून मोठा होता. गोंदिया त्यातून निघाला तो १९९९ मध्ये. या प्रांतात नोंदीचे ओझे पडले ते गावच्या कोतवालावर. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘कोतवार’ म्हटलेले आढळते. हा गावच्या उतरंडीतील अगदी खालचा माणूस. रात्रीची राखण, साहेबाच्या मुक्कामाची व्यवस्था, दवंडी, निरोप हे सारे त्याच्याच अंगावर. पुष्कळ कोतवालांना अक्षरओळख नव्हती. गावातील कोणी लिहिणारा त्यांच्या बुकात नोंद करून देई, नाहीतर कोतवाल तोंडी सांगे आणि ठाण्यावरचा मुन्शी लिहून घेई. ते बुक बगलेत मारून तो ठरल्या दिवशी पोलीस ठाण्याची वाट धरी. तेथून आकडे जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडे आणि पुढे प्रांताच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जात.

हे बुक उघडून पाहिले तर त्याची दृष्टी ध्यानात येते. जन्माच्या रकान्यात बहुधा मुलाचे नाव नसते. बारसे व्हावयाचे असते, आणि नावाशी सरकारला कर्तव्यही नसते. बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढे लिहिले की काम संपले. आईचा उल्लेख क्वचितच. मृत्यूच्या कारणांत पटकी, देवी, हगवण, पुढे प्लेग, आणि यांत जे बसेल ना ते सारे ‘ताप’. हिवतापाने मेलेला, न्यूमोनियाने मेलेला, बाळंतरोगाने मेलेली, या सर्वांची शेवटची ओळख या एका शब्दात संपे. जे मूल जन्मून आठ-दहा दिवसांत गेले, त्याचा तर कित्येकदा जन्मही लिहिला जात नसे आणि मृत्यूही.

तरीही या बुकांची थोरवी कमी लेखता येणार नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दुर्दशा केली. १८९१ च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लक्ष ४२ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ६ लक्ष ६३ हजार भरली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिली बाजूलाच, उलट सुमारे ८० हजार माणसे कमी झाली. धानाच्या आणि तलावांच्या या जिल्ह्यावर काय गुदरले हे यावरून कळते.

यानंतर १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली. ज्या प्रांतांना तिचा सर्वांत जबर तडाखा बसला त्यांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांची गणना होते. पण बुकांत ‘इन्फ्लुएन्झा’ शोधू गेल्यास तो सापडावयाचा नाही. बहुतेक मृत्यू ‘ताप’ याच सदरात गेले आहेत. शिवाय या साथीत नोंद करणारेही अंथरुणास खिळले, काही मेले, आणि ऐन मृत्यूच्या महिन्यांत नोंद विस्कळीत झाली. अखेर हिशेब लागला तो १९२१ च्या शिरगणतीवरून. आजच्या भारताएवढ्या प्रदेशाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २५ कोटी २१ लक्ष होती. ती १९२१ मध्ये सुमारे २५ कोटी १३ लक्ष झाली. नोंदीची व्यवस्था नेमक्या गरजेच्या वेळी कशी मोडून पडते याचे हे ठळक उदाहरण होय.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला अहवाल सादर केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना आपल्याला त्या अहवालाने दिली हे सर्वश्रुत आहे. जन्ममृत्यूच्या नोंदीतील उणिवांकडेही त्याने लक्ष वेधले होते. भंडारा जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन होऊन खेड्यांतील आरोग्याचा कारभार त्यांच्याकडे गेला. पुढे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम झाला. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. ग्रामसेवक निबंधक झाला आणि ठाण्याशी या नोंदीचे असलेले नाते तुटले.

या कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट केली. जन्म घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने आणि रुग्णालयात झाला तर रुग्णालयाने ठरलेल्या मुदतीत वर्दी द्यावयाची, आणि त्याबद्दल नोंदीचा उतारा मिळावयाचा, असे ठरले. पूर्वी कोतवाल दारी येऊन माहिती नेत असे. आता नागरिकाने स्वतः कचेरीत जाऊन आपला कागद मागावा अशी अपेक्षा निर्माण झाली. परंतु केवळ कायदा झाल्याने नोंद पुरी होत नाही हे सरकारही जाणून होते. म्हणूनच त्याच दशकात नमुना नोंदणी पद्धती सुरू करण्यात आली. निवडक गावांत एक माणूस सतत नोंद ठेवतो, सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघर विचारून जातो, आणि दोघांच्या याद्या ताडून पाहिल्या जातात. देशाचा बालमृत्युदर आपण जो वाचतो तो बव्हंशी या पद्धतीतून येतो.

येथे एका विलक्षण योगायोगाचा उल्लेख केला पाहिजे. ज्या बुकात मुलाचे नावही लिहिले नव्हते, तेच बुक आज त्याच्या नातवा-पणतवंडांचे भवितव्य ठरवीत आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ यांपूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या घरी शाळा पोहोचली नव्हती आणि ज्यांच्या नावे जमीनही नव्हती, त्यांच्यापाशी कोतवाल-बुकातील त्या एका ओळीवाचून दुसरे काय असणार? स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना विशेष वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये म्हटले आहे. पटकीच्या भीतीने काढलेली वही अशा रीतीने गरिबाचा दस्तऐवज झाली. तिची पाने तुकडे होऊन गळत आहेत; त्यांच्या छायाप्रती घेऊन ती संगणकात साठविणे हे निकडीचे काम आहे. एक पान गेले तर त्याबरोबर एखाद्या मुलीचा महाविद्यालयातील प्रवेशही जाऊ शकतो.

आता संगणकाच्या युगाकडे वळू. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव आशा स्वयंसेविका आल्या. २००८ मध्ये आरोग्याच्या आकड्यांसाठी देशव्यापी संगणकीय व्यवस्था निघाली. तीत केवळ बेरजा जात. २००९ मध्ये गरोदर माता आणि बालके यांचा नावनिहाय मागोवा घेण्याची योजना आली. हा बदल लहान नव्हे. ‘या महिन्यात अमुक इतक्या बालकांना लस दिली’ ही बेरीज झाली. ‘या बालकाची गोवराची लस राहिली आहे’ हे त्या बालकाच्या उपयोगाचे झाले. साथीच्या रोगांची माहिती २००४ पासून आठवड्याच्या तक्त्यांनी जात असे. २०२१ मध्ये ती दररोज कळविता येईल अशी व्यवस्था देशभर सुरू झाली. १९६९ च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली; १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा झाला. साहजिकच, ज्याची नोंद राहिली त्याची अडचणही आता पूर्वीपेक्षा मोठी झाली.

या नव्या साधनांचा खरा उपयोग कोठे होतो हे पाहावयाचे असेल तर सिकलसेलचे उदाहरण घ्यावे. पूर्व विदर्भाला हा आजार नवीन नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, असह्य वेदना होतात, रक्त कमी पडते. आणि हे दुखणे जन्मभराचे असते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निपजण्याची शक्यता शेकडा २५ असते. येथे एका वेळच्या औषधाने भागत नाही. लाखांदूरच्या किंवा साकोलीच्या मुलाचे दुखणे नागपूरच्या डॉक्टरला कळले पाहिजे, आणि नागपूरला दिलेले औषध गावच्या उपकेंद्राला कळले पाहिजे. आजवर ही सांगड घालीत होती ती मुलाची आई, पिशवीत चिठ्ठ्या जपून ठेवून. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीची संगणकीय नोंद आणि तपासलेल्या व्यक्तीच्या हाती कार्ड अशी योजना आहे. नोंदीचे फळ ज्याची नोंद त्यालाच मिळावे, हा विचार येथे स्पष्ट दिसतो. मात्र त्यातही जपावे लागेल. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ते कार्ड तिच्याविरुद्ध वापरले गेले, तर लोक तपासणीलाच पाठ फिरवतील.

यंत्र आणले म्हणजे आधुनिकता आली असे समजणे किती धोक्याचे आहे, हे भंडाऱ्याला कोणी सांगावयास नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बालके दगावली. ७ वाचविता आली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या सुरक्षा-तपासणीचे आदेश निघाले. ज्या कोवळ्या जिवांना कोतवालाच्या बुकात जागा मिळत नव्हती, त्यांच्यासाठीच असे कक्ष निर्माण झाले, ही प्रगती खरीच. पण यंत्रांइतकीच त्यांच्याभोवतीची जागरूकताही उभी करावी लागते. तपासणीचा अहवाल ही देखील एक नोंदच आहे, आणि ती वाचून कोणी कृती केली नाही तर ती ठाण्यावर पडून राहिलेल्या बुकाहून निराळी ठरत नाही.

समारोप करतो. आरंभीच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर दीडशे वर्षांत फारसे पालटलेले नाही. नोंद आजही उतरंडीच्या तळाशी असलेली व्यक्तीच करते. तेव्हा गावकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर गुजराण करणारा कोतवाल होता, आज मानधनावर काम करणारी आशाताई आहे. तीच माहिती एकदा वहीत, एकदा भ्रमणध्वनीवर आणि पुन्हा निराळ्या तक्त्यात भरावयास लावली, तर ती थकून काहीतरी भरून टाकील. मग राजधानीतील संगणकात ते कितीही नेटके दिसो, त्याचा अर्थ ‘ताप’ या जुन्या शब्दाएवढाच उरेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पालटू लागले आहे, आणि ते पुरते पालटणे आपल्या हाती आहे. आपल्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राचे आकडे वाचून दाखवा अशी मागणी आपण करू शकतो. घरातील जन्म आणि मृत्यू, मुलीचा असो की चार दिवसांच्या बाळाचा, २१ दिवसांच्या आत नोंदवून त्याचा दाखला आपण घेऊ शकतो.

कोतवालाला आपल्या बुकाचे पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. तरी ऊनपावसात चालत जाऊन त्याने ती ओळ लिहवून घेतली, म्हणून आज कित्येकांना आपले मूळ सांगता येते. आपल्याला तर आपल्या नोंदीचे मोल ठाऊक आहे. आपण ती अधिक खरी आणि अधिक पुरी करून पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.